एफ रांग, अकरा नंबर

इथे तिसरी घंटा होत नाही.
भिंतीतून एक आवाज विनवतो, मोबाइल बंद करा,
आणि मी दार ओढून घेते, सावकाश,
बिजागरी कुरकुरते म्हणून.
हॅलिफॅक्सच्या या थिएटरात आठवड्यातून चार रात्री
मी डोअरकीपर. हातात टॉर्च,
खिशात खोकल्याच्या गोळ्या, प्रेक्षकांसाठी.

नवं नाटक लागलंय, एनिड मिजलीवर.
इथलीच. गिरणीत बॉबिनं भरायची.
सत्तावन्न साली भावाची टोपी कानांवर ओढून
पुरुषांच्या डोंगरशर्यतीत शिरली.
पंचांनी वहीतलं नाव खोडलं,
समोरची वेळ खोडायची राहून गेली:
एक तास, एकोणीस मिनिटं,
सेकंदांवर शाई सांडलीय.

पहिला प्रयोग. निम्म्या खुर्च्या भरलेल्या.
रनिंग क्लबवाले पिवळ्याजर्द जाकिटांत,
नको तिथे टाळ्या,
आणि नजर सगळी नटीच्या बुटांवर:
असले बूट तेव्हा होते का?
जे रांगेतला गृहस्थ सरावाच्या प्रवेशात घोरला,
पिस्तुलाच्या बाराला दचकून उठला
आणि शेजारणीला सॉरी म्हणाला,
जणू गोळी त्यानेच झाडली.
एका मुलीचे पाय खुर्चीतच धावत होते,
पुढच्या टकलू आजोबांच्या पाठीत
एनिडची अख्खी चढण बसली.
नाही वळले ते.

मध्यंतरात आइस्क्रीम घेता घेता एकजण म्हणाला,
"धावणं म्हणजे धावणं. त्यात नाटक कसलं?"
सुटे पैसे मोजून घेतले
आणि सगळ्यांच्या आधी जागेवर जाऊन बसला.

दुसऱ्या अंकात माथ्यावर एनिड कोसळते.
व्हायोलिन. निळा उजेड.
नटी रडायला लागली तशा पर्सांच्या चेनी वाजल्या,
मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू.
तेवढ्यात एफ रांगेतून,
भाजीवाल्याला भाव सांगावा तसा आवाज:
"रडली नव्हती ती."

गप्प करणं माझं काम.
वाकून गेले, टॉर्च जमिनीकडे.
अकरा नंबर. मिसेस बॅराक्लफ, नव्वदीला टेकलेल्या,
मांडीवर कोट, कोटावर हात.
"थुंकली होती," त्या मला म्हणाल्या,
म्हणजे सगळ्या थिएटरला.
"माझ्या बुटावर.
मी वर लिंबूपाण्याची बादली घेऊन उभी.
धुक्यातून एक पोरगं आलं, थुंकलं,
म्हणालं, पुढे किती?
आवाज ऐकला तेव्हा कळलं मला.
म्हटलं, बापये एकतीस."

व्हायोलिन वाजतच राहिलं. ते टेपवर होतं.

नंतर नटी अर्ध्या रंगात बाहेर आली,
जिन्याच्या पायरीवर त्यांच्या शेजारी बसली.
मी रिकामे कप गोळा करत होते, निम्मंच ऐकलं:
वारा तिरपा होता.
दातांत गवत.
भावाने टोपी वर्षभर परत मागितली.

दुसऱ्या रात्री व्हायोलिन नाही.
ती थुंकली.
पहिल्या रांगेतून शी,
कुणीतरी एकट्यानेच टाळी वाजवली आणि ओशाळून थांबला.
दोघं उठून गेले, दार मीच उघडलं.
बुकिंगच्या खिडकीवर तक्रार आली, सुवाच्य अक्षरात.

शनिवारी मिसेस बॅराक्लफ पुन्हा. तीच खुर्ची.
तो प्रसंग आला तशी मी दारातून नाटक सोडून
त्यांच्याकडेच बघत राहिले.
काही बोलल्या नाहीत. नुसती मान हलवली.
बाहेर पडताना मात्र माझा दंड धरला:
"इतकी लांब नाही गेली गं.
दमली होती पोर."

शेवटची बस चुकली.
गिबेट स्ट्रीटचा चढ, दुकानांची शटरं खाली.
मध्येच थांबले.
इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.
लहानपणी याला पाठीत धपाटा बसायचा.
तोंड कोरडं. जमलं नाही.
खिशात एक गोळी उरली होती,
ती चघळत वर गेले.