केवळबाईंचं बोट

नोटीस मी लिहिली होती. चांगली लिहिली होती.
‘उपर्युक्त विषयास अनुसरून’ पासून
‘सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी’ पर्यंत
एकच वाक्य, सत्तेचाळीस शब्द,
आणि शेवटी पूर्णविराम,
धापा टाकत आलेला.

जिंतूरच्या पंचायत समितीत
आवक-जावकच्या टेबलावर अकरा वर्षं काढली
की असं वाक्य हात आपोआप लिहितो.
डोकं तेव्हा चहाच्या वाटेकडे असतं.

प्रशिक्षणात एका मॅडमनी सूत्र दिलं होतं:
शब्द मोजा, वाक्यं मोजा, भागाकार करा,
जोडाक्षरांना वेगळा दंड.
मी कॅल्क्युलेटरवर केलं. उत्तर आलं.
ताप किती ते कळलं,
आजारी कोण ते नाही.

दुपारी केवळबाई फरशी पुसून
पंख्याखाली टेकल्या होत्या.
चाळिशीत, रात्रीच्या वर्गात अक्षरं शिकलेल्या;
अजून बोटानं वाचतात.
आणि विहीर त्यांच्याच गावची.
म्हटलं, एवढं जरा वाचून बघा.
पदराला हात पुसून त्यांनी कागद मांडीवर घेतला.

‘उपर्युक्त’च्या रफारावरच बोट अडखळलं,
काळ्या रानात ओल्या ढेकळाला पाय लागावा तसं.
मी पेन्सिल काढली.
बोट थांबलं की एक रेघ.
‘अन्वये’खाली रेघ. ‘पाणी’ सरळ गेलं.
‘फ्लोराइड’ला ओठ दोनदा हलले.
मग ‘विहित मर्यादेपेक्षा’ आलं, आणि बाई हसल्या:
“विहिरीत मर्यादा हाय म्हणायलाव का?
खरं हाय. पाणी गेलं तळाला,
मर्यादाच राहिली.”

एकोणीस रेघा.

दुसऱ्या दिवशी ‘उपर्युक्त’ काढलं.
कुणालाच चुकल्यासारखं झालं नाही.
‘सदर’ गेलं, ‘अन्वये’ गेलं,
‘विहित’ काढताना मात्र मलाच हसू आलं.
फ्लोराइडच्या जागी लिहिलं:
दातांवर पिवळे डाग पडतात, गुडघे धरतात.
केवळबाईंचं उजवं बोट ओळीवर चालत राहिलं,
डावा हात नकळत गुडघ्यावर गेला.
अकरा रेघा. नंतर सहा.
मोठे साहेब म्हणाले, हे सरकारी वाटत नाही हो.
मी म्हटलं, शिक्का मारतो की.

शुक्रवारी एवढंच उरलं:
या विहिरीचं पाणी पिऊ नका.

बोट निघालं,
ओल्या फरशीवरून जावं तसं,
‘नका’च्या कान्यापर्यंत कुठं न टेकता.
माझी पेन्सिल वरच्या वर.
शून्य.
मी खुर्चीत मागे रेललो.

पण बोट कागदावरून उठलंच नव्हतं.
पूर्णविराम ओलांडून ते पुढं सरकलं,
कोऱ्या जागेत,
आणि तिथं थांबलं.
“पुढचं कुठाय?”
पुढचं काय?
“पिऊ नका म्हणायलाव. मंग प्यावं कोनतं?”

सत्तेचाळीस शब्दांत हे कुणी विचारलं नसतं.
मीसुद्धा नाही. मी तर लिहिणारा.
हा प्रश्न तिथंच होता पहिल्या दिवसापासून,
‘संबंधितां’च्या गर्दीत
अंग चोरून बसलेला.
मी एकेक शब्द उठवत गेलो
आणि त्याला वाटलं असेल,
आता आपली पाळी.

कोऱ्या जागेखाली मी रेघ मारली.
शब्द नव्हता तिथं. तरी मारली.

मग कागद घेऊन जिना उतरलो
पाणीपुरवठ्याच्या खोलीकडे.
दार ओढलेलं. आत कुणीतरी फोनवर मोठ्यानं बोलत होतं
भलत्याच गावाबद्दल.
बाहेरच्या बाकड्यावर बसलो, नोटीस मांडीवर.
पाच शब्द.
पुन्हा वाचले,
या वेळी बोटानं.