वार्षिक फी

नेरूळच्या बँकेतला मुलगा म्हणाला,
शंभराला दोन पॉइंट,
वीस हजार झाले की क्रूझ, बाल्कनीवाली केबिन.

कुंदाने विजेच्या बिलामागे मांडलं:
किराणा, गॅस, मेंटेनन्स,
महिन्याला कसेबसे नऊ हजार.
पेट्रोलला पॉइंट नाहीत.
समुद्र निघाला सव्वानऊ वर्षं लांब,
आणि पॉइंट तीन वर्षांत मरतात.

"आणि डायलिसिस?"
मीच बोलून गेलो.

पेन थांबलं.
आठवड्याला तीन फेऱ्या.
तिने मनातच गुणाकार केला, मला दिसला तो:
सव्वादोन वर्षं.

खिडकीतून करावेच्या खाडीचा वास आला, ओहोटीचा.

आतून आप्पा म्हणाले,
"घ्या की कार्ड.
माझं रक्त फिरतंच आहे,
तुम्हीही फिरून या."

कुंदाने बिल दुमडलं.
फॉर्म अजून फ्रिजवर आहे,
लोहचुंबकाखाली,
सहीपुरता कोरा.