कुठेतरी पाणी मुरतंय

एकतीस वर्षं मी लोकांना गुहा दाखवली,
स्लोवेनियात, कार्स्टच्या पठाराखाली, कपाळाला दिवा बांधून.
तीच वाक्यं, चार भाषांत:
पाणी वरची चुनखडी विरघळवत येतं
आणि खाली अंधारात थेंबाथेंबाने परत ठेवतं.
कृपया हात लावू नका.

आता फुर्लान डॉक्टर पडद्यावर माझं मनगट दाखवतात.
नोव्हेंबरात बुर्या सुटला, आमचा तो डोंगरावरून कोसळणारा वारा,
तेव्हा खिडकीची फळी ओढताना गेलं.
पडले नाही, आपटले नाही.
नुसती ओढली, आणि आत एक काडी मोडली.

"हाडांतला चुना रक्तात उतरतोय," ते म्हणाले,
"रक्तातून मूत्रपिंडात. तिथे खडा झालाय, वाटाण्याएवढा."
मी म्हटलं, हे मला पाठ आहे.
ते जरा दचकले.

गळ्यात, थायरॉइडच्या पाठीमागे, चार ग्रंथी असतात,
तांदळाच्या दाण्याएवढ्या.
काम एवढंच, रक्तातल्या कॅल्शियमवर पहारा.
त्यातली एक माजली आहे.
कुंपणानेच शेत खायला घेतलं.
सहा वर्षं मी थकवा, कंबर, हरवलेल्या किल्ल्या
सगळं वयाच्या खात्यावर मांडत होते
आणि माझाच गळा मला चुना लावत होता.

मग पर्याय.
कागदावर लिहून दिले, डॉक्टर असून सुवाच्य.
थांबायचं: वर्षाला रक्त, मधूनमधून हाडांची घनता, पाणी भरपूर.
किंवा आठवड्याची गोळी, पहाटे, उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर,
नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही.
ती हाड धरून ठेवते, ग्रंथीला पत्ताही लागत नाही.
दुसरी एक गोळी ग्रंथीला गप्प करते,
रक्तातला आकडा उतरतो,
हाडांचं तिला सोयरसुतक नाही.
आणि सुरी.

"थांबूया," स्टोयान गाडीत म्हणाला.
छपराचा दगड सरकला तेव्हाही हेच म्हणाला होता.
तो दगड मार्चमध्ये खुराड्यावर आला.
मी काही बोलले नाही. त्यालाही आठवलं असावं,
कारण सेझानापर्यंत त्याने रेडिओ लावला नाही.

स्कॅनमध्ये काही दिसलं नाही.
दुसऱ्यांदाही नाही.
लुब्लियानाची सर्जन माझ्या मुलीपेक्षा लहान, नाव यर्नेया,
म्हणाली, "दिसत नाही म्हणजे नाही, असं नसतं.
उघडून शोधावी लागेल. आवाजाची नस शेजारीच आहे.
सापडेलच असं वचन—"
"दिवा कुठला वापरता?" मी मध्येच विचारलं.
ती हसली. खणातून काढून दाखवला,
पट्ट्याचा, कपाळावर बांधायचा.
मी हातात घेऊन पाहिला.
आमच्यापेक्षा हलका होता.
सही तिथेच केली.

डावीकडची, खालची. बदामाएवढी झाली होती.
स्टोयानला तिने बोटांनी माप दाखवलं,
आणि तो ते माप सगळ्या गावाला दाखवत फिरला,
दर घरी थोडं मोठं.

दुसऱ्या रात्री ओठांना मुंग्या आल्या,
मग बोटांच्या टोकांना.
नर्स म्हणाली, घाबरू नका,
हाडं भुकेली आहेत, इतक्या वर्षांची,
आता दिसेल तो चुना ओढून घेतायत.
मनगट पहिल्यासारखं होईल का, मी विचारलं नाही.
गुहेत एका शाळकरी पोराने करंगळीएवढं टोक मोडलं होतं.
दर वसंतात मी तिथे थांबून पाहायचे.
ओलं असायचं. एवढंच.

तिने दोन गोळ्या दिल्या, चावून खायच्या, खडूसारख्या.
चव ओळखीची निघाली.
नोकरीच्या पहिल्या हिवाळ्यात, शेवटची रांग वर गेल्यावर,
कुणी बघत नाही असं पाहून
मी भिंत चाटली होती.