बर्फ पडेपर्यंत

पान एकशे बारावर मी अडकून आहे
फेब्रुवारीपासून.

त्या बाईच्या भाषेत,
मोठ्या तळ्यांच्या काठची, अनिशिनाबे माणसांची भाषा ती,
दगड सजीवांच्या रांगेत उभा असतो,
व्याकरणातसुद्धा.
म्हणून मी लिहिलं : वाटेत कोण आहे? दगड आहे.
वसगडेकर सरांनी तांबड्या शाईनं 'कोण' खोडलं,
समासात लिहिलं, 'काय'.
मी परत 'कोण' केलं.
त्यांनी परत 'काय'.
कागदाला तिथं आता भोक पडलंय.

आणि संध्याकाळी मी बघते,
गंगावेशीत शेंदूर फासलेल्या दगडापुढं
सर सायकल लावून, चपला काढून उभे असतात.
ओठ हलतात.
त्याला काय म्हणून हाक मारतात, ऐकू येत नाही.

पण खरी अडले ती दगडापाशी नाही.
एकशे बारावर, पेट्रोलपंपावर रातपाळी करणारा पोरगा
मामाला म्हणतो, ती महापुराची गोष्ट सांग.
मामा ट्रकची काच पुसत राहतो.
बर्फ पडू दे आधी, म्हणतो.
बेडूक-साप जागे असताना
ही गोष्ट सांगत नाहीत.

मला हे लगेच कळलं.
शुक्रवारची कहाणी मंगळवारी
आमच्यातही कुणी काढत नाही.
पण पुढचं पान मराठीत आणायचं
म्हणजे सांगायचंच की.
आणि कोल्हापुरात बर्फ पडेपर्यंत
प्रकाशक थांबतोय होय?

मे उलटून चालला तेव्हा
लक्ष्मीपुरीत गेले, मासळी बाजारामागं.
दस्तगीरभाईंनी लादीवरचा भुसा झटकला.
"लगीन हाय?"
"गोष्ट हाय."
त्यांनी एकवार माझ्याकडं बघितलं,
पोतं गुंडाळलं, वीस रुपये कमी घेतले.

सुबराव कुंभारांच्या शेडमध्ये
मधोमध ठेवली लादी.
भिंतीवर एकोणीसच्या पुराची रेघ, माझ्या डोक्याच्या वर.
रेघेखाली बिनरंगाचे गणपती,
आणि फळीवर उंदीर, दोनशेएक,
प्रत्येकाच्या हातात एक गोळा.
गल्ली जमली. पोरं बर्फाला हात लावून ओरडली.
मी वाचायला लागले.

पाणीच पाणी होतं.
पाणबुड्या पक्षी तळाला गेला, रिकामा वर आला.
पाणमांजर गेलं. तेही रिकामं.
मग निघाला सगळ्यांत बारका, वझश्क.
(हा शब्द मी तसाच ठेवलाय.
उंदीर म्हटलं असतं तर
त्याच्या पाठीवर लगेच कुणीतरी येऊन बसलं असतं.)
हसले सगळे त्याला.
फार वेळानं तो वर आला, पोट वर करून, तरंगत.
मूठ मिटलेली.
उघडली तर चिमूटभर माती.
कासव म्हणालं, ठेवा माझ्या पाठीवर.

शेडमध्ये कुणी काही बोललं नाही.
त्या वर्षी माळ्यावर बसून
रात्री काढलेली माणसं ती.
मग गंगव्वा म्हणाली,
"आमचं उलटं झालं बग.
पानी गेलं, आन् माती तेवढी ऱ्हायली.
गुडघा गुडघा."

दारात सर उभे होते, कधी आले कोण जाणे.
चपला बाहेर.

सुबरावांनी फळीवरचा एक उंदीर उचलला,
उजेडाकडं धरला, हातातला गोळा अंगठ्यानं चाचपला.
"काय आणलं म्हणालीस त्यानं?"
"कोण आणलं," सर हळूच म्हणाले,
आणि आपलंच ऐकून गप्प झाले.
"माती," मी म्हटलं. "चिमूटभर."
"मग ह्याचा लाडू रंगवत न्हाई ह्या वर्षी,"
सुबराव म्हणाले,
आणि तो एकटा उंदीर
बाकीच्यांपासून जरा बाजूला ठेवला.

बर्फाचं पाणी तोवर पायाशी आलं होतं.
पोरांनी पाय वर घेतले.
लादी अजून वीतभर शिल्लक होती,
म्हणून मी पान उलटलं.