पाठ

लॅकवॉनाच्या पोलिश हॉलमध्ये
शुक्रवारी मासे तळतात, शनिवारी आम्ही असतो.
तेलाचा वास पडद्यांतून जात नाही.
रिंग आम्हीच आणली, लोरेटाच्या भावाच्या ट्रकमधून:
फळ्या, पाइप, दोर, नटबोल्टांनी भरलेली कॉफीची बरणी.
बाहेर गुडघाभर बर्फ. आत त्रेपन्न खुर्च्या भरलेल्या,
ग्वेनने दोनदा मोजल्या.

आधी आम्हाला चार मिनिटं मिळायची,
पुरुषांच्या दोन कुस्त्यांच्या मधली.
लोक तेवढ्यात बीअर आणायला उठायचे
आणि आम्ही एकमेकींचे केस ओढायचो,
कारण तसंच सांगितलेलं असायचं.
पाकिटात पंधरा डॉलर. देणाऱ्याचा हात
पाकिटाबरोबर परत जायचा नाही.

आज पाकिटं ग्वेनने भरलीत.
सगळ्याजणींना सारखे. अठरा.

कोण जिंकणार हे ठरलेलं असतं, हो.
परत परत विचारू नका.
फळीला मात्र कुणी सांगितलेलं नसतं.

आज पाठ माझी लागायची होती.
नवव्या मिनिटाला लोरेटा वरच्या दोरावरून झेपावली
आणि चुकली.
खांद्याचा आवाज मी ऐकला,
ओली फांदी मोडावी तसा.
लोकांना वाटलं, काय सोंग वठवलंय! टाळ्या.
माझ्या केसांत तोंड खुपसून ती म्हणाली,
डावा हात गेला, ओडेसा. थांबवू नकोस.

मग मी तिला मारलं.
त्या हाताला वाराही लागू न देता मारलं.
शिव्या दिल्या, दोर हलवले,
पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्याची टोपी भिरकावली,
सगळा हॉल माझ्यावर भुंकत होता
आणि मागे ती श्वास गोळा करत होती.
पंचबाई तिसऱ्यांदा माझ्याकडे बघायला लागली तेव्हा
मी घसरले.
घसरण्यासारखं काही नव्हतं तिथे, तरी घसरले.
तिचं उजवं मनगट धरून
तिला अंगावर ओढून घेतलं
पांघरुणासारखं,
आणि माझे दोन्ही खांदे मीच टेकवले.

एक.
दोनला ती पुटपुटली, सॉरी.
मी म्हटलं, मोजू दे गं.

रात्री इस्पितळात, टिकल्यांच्या कपड्यांवर कोट चढवून बसलेलो असताना
फॉर्मवाल्या बाईंनी विचारलं,
सोबत आलेल्यांचं नातं?
लोरेटाने दात आवळून सांगितलं,
लिहा, हिला आज मी चीत केलंय.

अठरा आणि अठरा, छत्तीस.
पार्किंगचे बारा गेले.