उभ्याने प्रवास

ब्र्नोत, ट्रामच्या जुन्या डेपोमागे, चौथ्या मजल्यावर
बाबांकडे आता एक पाल आहे.
भिंतीवरची नव्हे.
हिच्या बोटांना चिकटपणा नाही, काचेवर चढता येत नाही,
आणि हिला पापण्या आहेत.
पिवळी, ठिपक्यांची;
बिबट्याच्या कातड्याचा उरलेला तुकडा
कुणीतरी बेताबेताने शिवला असावा तशी.

माझ्या मुलाने आणली, व्होइत्येखने.
तो शिकायला ओस्त्रावाला गेला, ही मागे राहिली.
जाण्याआधी त्याच्या कुणा मित्राने
वरून झडप घालून उचलायला पाहिली:
शेपूट चिमटीत वळवळत उरलं,
पाल फुटक्या कुंडीखाली.
आता नवं फुटलंय. आखूड, गुबगुबीत, सलगमच्या कांद्यासारखं.
जुन्यावर होते ते पट्टे त्यावर नाहीत.

मी कागदावर लिहून फ्रिजला लावलं:
वरून हात आणायचा नाही, वरून येते ती घार.
बाजूने आणा, जमिनीलगत, तळवा उघडा.
पकडायचं नाही. तिला चढू द्या.
शेपटीला शिवायचं नाही.
अंग पांढुरकं दिसलं की ती कात टाकतेय,
त्या दिवसांत तिच्या वाटेला जाऊ नका.
हात आधी धुवा. नंतरही धुवा.

तेहतीस वर्षं ट्राम चालवलेल्या माणसाला
सूचनाफलकांचा राग नसतो.
बाबांनी खाली आपल्या अक्षरात भर घातली:
चालत्या गाडीत चढू नये.

एक सूचना मी लिहिली नव्हती.
पेन तिथवर आलं होतं, आणि मी टोपण लावलं.
हात स्थिर ठेवा.

बाबांचा उजवा हात दोन वर्षं थरथरतोय.
कप बशीशी बोलत राहतो.
शर्टाचं वरचं बटण ते आता लावतच नाहीत,
म्हणतात, उकडतं. जानेवारीत.

पहिले पंधरा दिवस ते नुसते बसले,
काचेच्या पेटीपुढे, फरशीवर, पाठीला उशी.
रातकिड्यांना कॅल्शियमची पूड चोळायचे
पिठात मासे घोळवावेत तसे,
अर्धी पूड हाताच्या थरथरीने आपोआपच सांडायची.
मग हात आत. तापल्या कौलाच्या शेजारी, उताणा.
तो तिथे थरथरत पडून राहायचा
आणि ते खिडकीबाहेर बघायचे,
जणू हात दुसऱ्या कुणाचा, आपण फक्त सोबतीला आलोय.

माणसाच्या मनात शंकेची पाल चुकचुकते.
पालीच्या मनात काय चुकचुकत असेल?
माणूसच, बहुतेक.
कुंडीखालून एक डोळा. मग तोही नाही.
एकविसाव्या दिवशी जीभ:
करंगळीच्या टोकाला एकदाच, गुलाबी,
पोस्टाचं तिकीट ओलं करावं तशी.
बाबांनी मला फोन केला. रात्रीचे पावणेबारा वाजले होते.
म्हणाले, चव घेतली. काही बोलली नाही.

मी शनिवारी गेले तेव्हा ती त्यांच्या हातावर होती.
मला वाटलं होतं, हात थांबला असेल.
थांबला नव्हता.
ती चारही पाय रोवून
प्रत्येक हेलकाव्याला अंग सोडून देत होती,
पट्टा न धरता उभ्याने जाणाऱ्या,
रोजच्या मार्गावरच्या बाईसारखी.
आखूड शेपूट मनगटावर टेकलेलं.
हात फरशीपासून वीतभर वर,
पडलीच तर फार पडू नये म्हणून.

मी विचारलं, हे असं हलणं तिला चालतं?
बाबा म्हणाले, चौकशी केली नाही.

दहा मिनिटं. त्यांच्या खात्याच्या घड्याळात पाहून.
मग हात खाली, पेटीच्या दाराशी,
आणि ते थांबले. ढकललं नाही, बोट लावलं नाही.
उतरायला तिने तिचा वेळ घेतला.

नंतर मोरीत नळ बराच वेळ चालू होता.
कागदात लिहिलेलं, आधी आणि नंतर.
मी चहा ठेवला.
कपांना बशा देऊ की नको,
यावर जरा घुटमळले,
आणि दिल्या.