नेलपॉलिशची रेघ

पोफळ पुण्यात होत नाही,
असं मला तिघांनी सांगितलं.
पहिला केळशीचा दत्ताराम. त्यानंच रोप
ओल्या गोणपाटात गुंडाळून एसटीत ठेवलं
आणि वर म्हणाला, "कशाला नेतेयस वैनी,
आमच्या वाडीत पाट आहे, माडांची सावली आहे.
तुझ्याकडे काय आहे?"
म्हटलं, नोंदवही आहे.

एकतीस वर्षं शिमला ऑफिसात
मी सकाळचं किमान तापमान उतरवलं.
पेपरात येतो तो आकडा शिवाजीनगरचा.
थंडी पाण्यासारखी उताराला लागते,
रात्रभर टेकडीवरून ओघळत
पाषाणला, नदीकाठी, आमच्या खोलगट अंगणात साचते.
तिथला पारा दोन अंशांनी जास्त खरं बोलतो.

दुसरा नर्सरीतला अश्फाक.
तिसरे शेजारचे काळदाते,
ज्यांना कुणी विचारलं नव्हतं.

तरी सहा हिवाळे निघाले.
बुंध्याशी भाताचं तूस, खोडाला पोतं,
शेंड्यावर माझा कॉलेजातला मरून स्वेटर,
बाह्यांची पुढे गाठ.
दूधवाला एकदा अंधारात त्याला "काकू" म्हणाला.

या जानेवारीत एकवीस तारखेला पहाटे
चार पूर्णांक आठ.
चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.
गवताची टोकं पांढरी.
आणि स्वेटर दोरीवर,
आदल्या दुपारी मीच धुतलेला.

आठवड्यात झावळ्या चहाच्या रंगाच्या झाल्या.
अश्फाक म्हणाला, "मधली सुई ओढून बघा.
हातात आली तर गेली समजायची."
हात पुढे केला.
मागे घेतला.
उपकरणाला धक्का न लावता वाचायचं,
हे पहिल्याच दिवशी शिकवलं होतं आम्हाला.

भाची विसरून गेलेली बाटली होती, डाळिंबी.
न उघडलेल्या सुईवरून शेजारच्या देठावर
एक आडवी रेघ ओढली, सलग.
सुई जिवंत असेल तर
रेघ तुटेल.

अठ्ठावीस जानेवारी. सलग.
रथसप्तमी. सलग.
एकोणीस फेब्रुवारी. सलग. काळदाते म्हणाले,
त्या जागी चाफा लावा.
पोतं काढलं. दुपारी चौतीस.
सलग.
होळीला पोरं वाळकी झावळी मागायला आली,
खालची एक दिली,
शेंड्याकडे बोट दाखवणाऱ्याला घरी पाठवलं.

नंतर चौथ्या दिवशी
देठावरची रेघ होती तिथंच,
सुईवरची जरा वर,
मध्ये तांदळाच्या दाण्याएवढं
ओलसर पोपटी.

चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.
वहीत लिहिलं: तीन मिलिमीटर.
मग खात्याच्या सवयीनं,
निरीक्षक एकच, पडताळणी बाकी.

काळदात्यांना हाक मारली.
हात पाठीमागे बांधून
बराच वेळ वाकून बघत राहिले.
"सरकलीय," म्हणाले,
"पण चाफासुद्धा चांगला आला असता."

मी पेन पुढे केलं.
सही घेतली.